विथ लिहिलं म्हणजे कनेक्शन बंद झालं असं नाही

पायथनमध्ये डेटाबेससाठी स्वतःचा रॅपर क्लास (कनेक्शनभोवतीचं आपलं वेष्टन) लिहायला घेतला की दोन गोष्टींची हमखास गल्लत होते, ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा एकत्रच रद्द होणारे बदल) संपवणं आणि कनेक्शन बंद करणं. फाइल विथने (पायथनचं with) उघडली की ब्लॉक संपल्यावर आपोआप बंद होते, मग कनेक्शनचंही तसंच असणार असं वाटतं. नसतं.

पायथनच्या एसक्यूलाइट३ (sqlite3) मॉड्यूलचं कनेक्शन विथमध्ये घातलं तर ब्लॉक नीट संपल्यावर कमिट होतं (बदल पक्के), एक्सेप्शन म्हणजे एरर आली तर रोलबॅक (बदल रद्द), पण कनेक्शन उघडंच राहतं. पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हर सायकोपीजी२ (psycopg2), त्याचं पण असंच. सायकोपीजी३ मध्ये मात्र कमिट किंवा रोलबॅक झाल्यावर कनेक्शनही बंद होतं, म्हणजे दिसायला कोड तोच आणि ड्रायव्हर बदलला की वागणं वेगळं, म्हणूनच मला वाटतं की हा फरक रॅपरनेच सांभाळला पाहिजे, वापरणाऱ्याच्या डोक्यावर टाकू नये.

आता उलटी बाजू. पायथनच्या कॉन्टेक्स्टलिब मॉड्यूलमधलं क्लोजिंग फक्त क्लोज कॉल करतं, कमिट नाही. नेहमीच्या सेटिंगमध्ये कमिट न करता बंद केलं की बदल गेले. आणि हे जास्त घातक आहे, कारण उघडी राहिलेली कनेक्शन्स साठत गेली तर पोस्टग्रेस कधीतरी नकार देतो (डिफॉल्ट मर्यादा 100), पण इथे इन्सर्ट चालतो, एरर काहीच नाही, आणि टेबलात रो नसते!

त्यामुळे क्लासमध्ये दोन्ही कामं वेगळी ठेवा. एंटरमध्ये (__enter__, विथ सुरू होताना चालते) कनेक्शन उघडा, एक्झिटमध्ये (__exit__, विथ संपताना चालते) फक्त क्लोज, आणि ट्रान्झॅक्शन नावाची वेगळी मेथड करा जी सगळं ठीक झालं तर कमिट करेल, नाहीतर रोलबॅक करून एक्सेप्शन पुन्हा वर फेकेल. तिथे नुसतं एक्सेप्शन पकडून भागत नाही, बेसएक्सेप्शन पकडा, नाहीतर कंट्रोल-सी दाबल्यावर रोलबॅक राहून जातो. एक्झिटमधून ट्रू परत करू नका, एरर गिळली जाते. क्लोज डेल मेथडवर (__del__, ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारी) सोडू नका, ती कधी चालेल याचा भरवसा नाही.

टेस्ट पण दोन वेगळ्या लिहा. एकीत ट्रान्झॅक्शनच्या आत मुद्दाम एरर फेका, रो दिसता कामा नये पण त्याच कनेक्शनवर पुढची क्वेरी चालली पाहिजे. दुसरीत बाहेरचा विथ संपल्यावर क्वेरी मारा, एसक्यूलाइट३ असेल तर प्रोग्रामिंगएरर यायलाच हवी.