युसुपोव्ह रोमानोव्ह नव्हता!

रशियाच्या झारच्या कुटुंबाच्या मर्जीतला साधू रास्पुतीन, त्याच्या १९१६ मधल्या खुनाची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे, तेव्हा विषारी केक, गोळ्या आणि गोठलेली नदी सोडून देतो. माझं भांडण मारेकऱ्यांच्या ओळखीवरून आहे. ‘झारच्या दोन पुतण्यांनी, रोमानोव्ह राजपुत्रांनी खून केला’ हे अजूनही सर्रास लिहिलं जातं. पुतण्या दोघांपैकी कुणीच नव्हता, आणि रोमानोव्ह, म्हणजे रशियाच्या राजघराण्यातला, एकच होता.

त्या दोघांतला दिमित्री पावलोविच हा झार दुसऱ्या निकोलसचा सख्खा चुलत भाऊ. दुसरा, फेलिक्स युसुपोव्ह, भाचेजावई, म्हणजे झारची बहीण क्सेनिया हिच्या मुलीचा, इरिनाचा नवरा. एवढं सोपं आहे.

खरा घोळ ‘प्रिन्स’ या पदवीने घातलाय. रशियात एक प्रिन्स सरदार घराण्यांतले: युसुपोव्ह, गोलित्सिन वगैरे. श्रीमंती अफाट, पण गादीवर हक्क शून्य. फेलिक्सला तर हे आडनावही आईकडून मिळालेलं. दुसरे प्रिन्स राजरक्ताचे, आणि त्यांच्या वर ग्रँड ड्यूक. ही रेघ तिसऱ्या अलेक्झांडरने १८८६ मध्ये पक्की केली. कुटुंब फुगत चाललं होतं आणि प्रत्येकाचा तनखा होताच. म्हणून ठरलं, की सम्राटाचे मुलगे आणि मुलांचे मुलगे तेवढे ग्रँड ड्यूक, पणतू नुसते प्रिन्स. मोजणी फक्त बापाकडून. त्यामुळे इरिना खुद्द तिसऱ्या अलेक्झांडरची नात असूनही प्रिन्सेसच राहिली, कारण वडिलांकडून ती पहिल्या निकोलसची पणती. दिमित्री मात्र दुसऱ्या अलेक्झांडरचा मुलाकडून नातू, म्हणून ग्रँड ड्यूक.

हा नुसता मानपानाचा प्रश्न नव्हता. ग्रँड ड्यूकला साध्या कोर्टात उभं करता येत नसे, आणि दिमित्री कटात असल्यामुळे खटलाच चालला नाही. झारने फेलिक्सला त्याच्या राकित्नोयेच्या जहागिरीवर धाडलं, दिमित्रीला इराणच्या आघाडीवर. नातेवाइकांनी मिळून दिमित्रीसाठी दयेचा अर्ज केला; झारने तो फेटाळला. या शिक्षेनेच त्याला क्रांतीपासून दूर ठेवलं. मागे राहिलेल्या त्याच्या वडिलांना १९१९ मध्ये पेत्रोग्राडच्या किल्ल्यात गोळ्या घातल्या.

वंशजांचंही तेच. फेलिक्सच्या मुलीच्या अंगात रोमानोव्ह रक्त होतं, पण ते इरिनाकडून, म्हणून ती घराण्याची सदस्य ठरत नव्हती. उलट दिमित्रीचा मुलगा पॉल इलिन्स्की थेट पुरुषवंशातला, पण आई अमेरिकन, राजघराण्याबाहेरची. राजघराण्याबाहेरच्या लग्नातल्या मुलांना हक्क नाकारणाऱ्या जुन्या नियमाने त्यालाही वारसाहक्क नव्हता. तो पुढे फ्लोरिडातल्या पाम बीचचा महापौर झाला, तोही निवडून येऊन.