मृदेतील पोषणद्रव्ये व गवतांची अवर्षणसहता

अवर्षणात गवत किती तग धरते आणि पाऊस परतल्यावर किती लवकर सावरते, हे केवळ मृदेतील ओलाव्यावर ठरत नाही. त्या मृदेत नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम इ. पोषणद्रव्ये किती, कोणत्या रूपात व किती खोलीवर आहेत यावरही ते अवलंबून असते. वनस्पतिक्रियाविज्ञान, मृदाविज्ञान व परिस्थितिविज्ञान या तीन शाखांत हा अभ्यास वेगवेगळा वाढला, त्यामुळे संज्ञांचा घोळ बराच आहे. ‘अवर्षणसहता’ म्हणताना कोणाला पाने हिरवी राहणे अभिप्रेत असते, कोणाला उत्पादन न घटणे, तर कोणाला वाळलेल्या ठोंबातून पुन्हा फुटवे येणे. प्रस्तुत नोंदीत प्रतिरोध (अवर्षण चालू असताना टिकणे) व पुनरुत्थान (नंतर सावरणे) हे भिन्न मानले आहेत. या विषयातील निम्मे वाद हा भेद न पाळल्याने उद्भवलेले दिसतात.

इतिहास : गरजेच्या मानाने सर्वांत तोकडे पडणारे पोषणद्रव्यच वाढीची मर्यादा ठरवते, हा न्यूनतमाचा नियम जर्मन रसायनशास्त्रज्ञ यूस्टुस फोन लीबिक यांच्या नावे (१८४०) सांगितला जातो. तथापि कार्ल श्प्रेंगेल यांच्या १८२८ च्या सुमाराच्या लेखनात तो जवळजवळ याच स्वरूपात येतो. तेव्हा श्रेय त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. नियमाचा सरळ अर्थ घेतला, तर अवर्षणात पाणी हाच न्यूनतम घटक ठरतो आणि खत घातले काय नि न घातले काय, फरक पडू नये.

प्रत्यक्षात तसे घडत नाही, हे रॉथॅमस्टेड (इंग्लंड) येथील कृषिसंशोधन केंद्रात दिसून आले. जॉन बेनेट लॉझ व जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी तेथील कुरणावर १८५६ मध्ये सुरू केलेला ‘पार्क ग्रास’ हा खतांचा प्रयोग आजही चालू आहे. १८७० च्या अवर्षणात बिनखताच्या वाफ्यातील गवताचे उत्पन्न फार घटले, अमोनियम लवणे व खनिज खते दिलेल्या वाफ्यात त्याहून कमी घटले, तर सोडियम नायट्रेट व खनिज खते दिलेल्या वाफ्यात ते सर्वांत चांगले टिकले. नायट्रेटाच्या वाफ्यात मुळे खोल गेलेली आढळली व खालच्या थरांतील पाणीही अधिक ओढले गेलेले दिसले. नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाही, ते पाण्याबरोबर खाली झिरपते व मुळे त्याच्या मागोमाग जातात; अमोनियम मात्र वरच्या थरातच अडकून राहते. दीर्घकाळ दिलेल्या अमोनियम सल्फेटाने मृदा आम्लधर्मी होते, हा आणखी एक तोटा. चुनखत न मिळालेल्या तशा वाफ्यांत गवताच्या मोजक्याच जाती उरल्या आहेत आणि पृष्ठभागावर न कुजलेल्या काडीकचऱ्याचा जाड थर साचला आहे. त्यामुळे ‘नायट्रोजन दिल्यास अवर्षणात काय होते’ हा प्रश्न त्याचे रूप सांगितल्याशिवाय अपुराच राहतो.

क्रियाविधी : नायट्रोजनाचे परिणाम परस्परविरोधी आहेत. पानात नायट्रोजन भरपूर असले की प्रकाशसंश्लेषी विकरे (एंझाइमे) वाढतात आणि त्वग्रंध्रे (पानांवरील सूक्ष्म छिद्रे) कमी उघडूनही कार्बन डाय-ऑक्साइडाचे तेवढेच ग्रहण साधते. म्हणजे पाण्याच्या प्रत्येक थेंबामागे अधिक शुष्क पदार्थ तयार होतो. पेशींतील तर्षण दाब (पेशीत पाणी धरून ठेवणारा दाब) राखणारी प्रोलीन व ग्लायसीन बीटाइन ही संयुगेही नायट्रोजनयुक्तच आहेत. उलट पक्षी, नायट्रोजन मिळालेले गवत पानांचा पसारा वाढवते आणि त्या मानाने मुळांवर कमी खर्च करते. बाष्पोच्छ्वास करणारे क्षेत्र वाढल्याने मृदेतील साठा लवकर संपतो. थोडक्यात, गवत पाणी काटकसरीने वापरते, पण एकूण वापरते जास्त.

फॉस्फेटाची गोष्ट वेगळी आहे. ते मुळापर्यंत मुख्यतः विसरणाने (दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप पसरण्याने) पोहोचते, तेही एक-दोन मिलिमीटरांच्या टप्प्यातून. माती वाळली की कणांभोवतीची पाण्याची पटले पातळ व तुटक होतात, विसरणाचा मार्ग नागमोडी होतो आणि मृदेत फॉस्फेट असूनही गवताची उपासमार होते. अवर्षणाची हानी काही अंशी पोषणाच्या तुटवड्याची हानी असते, हे मत त्यामुळे ग्राह्य वाटते. मायकोरायझा (मुळांशी सहजीवन करणाऱ्या) कवकांचे तंतू ही उणीव काहीशी भरून काढतात. मात्र फॉस्फरसाची खते मुबलक दिल्यास मुळांतील या कवकांचे प्रमाण सहसा घटते. पोटॅशियम त्वग्रंध्रांच्या उघडझापेस आवश्यक असते. गवते सिलिकाही मोठ्या प्रमाणात साठवतात व ती पाण्याच्या ताणात उपयोगी पडते असे मानतात.

जातिवैविध्याचा वाद : अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील सीडार क्रीक येथे १९८२ मध्ये नायट्रोजन देण्याचे प्रयोग सुरू झाले होते. १९८७-८८ मध्ये तीव्र अवर्षण आले. तेथील २०७ वाफ्यांच्या नोंदींवरून डेव्हिड टिलमन व जॉन डाउनिंग यांनी १९९४ मध्ये असा निष्कर्ष काढला, की अधिक जातींचे वाफे अवर्षणास अधिक प्रतिरोधक असतात. यावर टॉमस गिव्हनिश (१९९४) व मायकेल हस्टन (१९९७) यांनी मूलगामी आक्षेप घेतले. कमी जातींचे वाफे मुद्दाम तयार केलेले नव्हते. ते नायट्रोजन दिल्यामुळे तसे झाले होते. नायट्रोजनाने तेथे अवर्षणास टिकणारे लिटल ब्लूस्टेम हे सी-४ गवत (प्रकाशसंश्लेषणाच्या पाणी वाचवणाऱ्या पद्धतीचे) मागे पडले व क्वॅकग्रास हे सी-३ गवत (प्रकाशसंश्लेषणाच्या सर्वसाधारण पद्धतीचे) माजले होते. तेव्हा वाफे कोलमडले ते जाती कमी म्हणून, की नायट्रोजनाने गवताचा प्रकार बदलला म्हणून, हे त्या नोंदींवरून वेगळे काढणे अवघड होते. नायट्रोजनाची मात्रा व सी-४ गवतांचा वाटा हिशेबात घेऊनही वैविध्याचा परिणाम उरतो, असे टिलमन यांचे उत्तर होते. पुढे ठरावीक संख्येने जाती पेरून केलेल्या प्रयोगांनी वैविध्याच्या बाजूस बळ दिले. तरी मूळ वाफ्यांपुरता हस्टन यांचा आक्षेप पुरता निकालात निघालेला नाही. पोषणद्रव्यांच्या दृष्टीने दोन्ही पक्षांना मान्य असलेली गोष्ट अधिक मोलाची आहे : नायट्रोजन एकेका ठोंबापेक्षा कुरणातील जातींचे मिश्रण बदलून अवर्षणसहता घटवू शकते. अनेक खंडांत एकाच आराखड्याने चालणाऱ्या ‘न्यूट्रिएंट नेटवर्क’च्या प्रयोगांतही खते मिळालेली कुरणे अवर्षणास अधिक संवेदनशील असल्याचे आढळले. मात्र ही घट टक्केवारीत मोठी दिसली, तरी शिल्लक उत्पन्न बिनखताच्या कुरणापेक्षा जास्त असू शकते, हे वाचताना ध्यानात घ्यावे लागते.

शुष्क प्रदेश : आफ्रिकेतील साहेलच्या (सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील निमशुष्क पट्ट्याच्या) कुरणांविषयी ब्रेमान व द विट (१९८३) यांनी मांडलेले मत रूढ समजुतीविरुद्ध होते. वार्षिक पाऊस सु. ३०० मिमी. पेक्षा जास्त असेल, तर गवताची वाढ पाण्यापेक्षा नायट्रोजन व फॉस्फरस यांच्या अभावानेच अडते, असे त्यांनी दाखवले. तेथे पाणी असूनही गवत ते वापरू शकत नाही. त्याहून कोरड्या उत्तर भागात पाणीच निर्णायक ठरते.

अवर्षणानंतर : कोरडी मृदा भिजताच सूक्ष्मजीवांची क्रिया एकदम वाढते व सेंद्रिय पदार्थांतून खनिज नायट्रोजन झपाट्याने मुक्त होते. एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये याचे वर्णन केल्यामुळे यास ‘बर्च परिणाम’ म्हणतात. शिवाय अवर्षणात गवताने न उचललेले नायट्रेटही मृदेत शिल्लक असते. जिवंत ठोंब व मुळे राहिली असतील, तर पहिल्या पावसानंतर येणारे फुटवे त्यामुळे जोमदार व गडद हिरवे दिसतात. याच काळात ज्वारीवर्गीय व इतर चाऱ्याच्या गवतांत, विशेषतः धाटाच्या बुडख्याकडील भागात, नायट्रेट साचून जनावरांना विषबाधा होण्याचा संभव असतो. चारा वाळवल्याने हे नायट्रेट कमी होत नाही. मुरघास केल्यास काही अंशी घटते.