धनगराची काठी आणि चारशेची लेन्स

साताऱ्याच्या शाहू क्रीडा संकुलात डिसेंबरातल्या एका सकाळी शालेय खो-खोचे सामने चालू होते आणि माझ्या हातात उसनी आणलेली ४०० मिलिमीटरची लेन्स होती. लेन्सचा मालक माझा जुना मित्र, एका दैनिकाचा फोटोग्राफर. लेन्स देताना त्यानं एक काळी घडीची काठीही पुढं केली, म्हणजे मोनोपॉड, कॅमेरा टेकवायची एकपायी काठी. "ही पण ने, मास्तर." मी म्हटलं, राहू दे, एका सकाळचा तर प्रश्न आहे. नोकरीभर पोरांना तरफ शिकवलेल्या माणसाला हे शोभलं नाही, पण बोलून गेलो.

पहिला सामना झकास गेला. दुसऱ्यात डावा दंड भरून आला. तिसऱ्यात एका मुलीनं खांबावर असा काही सूर मारला की बाद झालेली पोरगीसुद्धा क्षणभर बघत राहिली. माझ्या फोटोत त्या सूर मारणारीचे दोन तळपाय आणि भरपूर धूळ आहे.

घरी संगणकावर फोटो मोठे करून पाहिले तेव्हा गंमत कळली. फोटो हललेले नव्हतेच. शटर, म्हणजे उजेड आत घेणारी झडप, १/१६०० सेकंदावर होतं, धुळीचा कण न्‌ कण मोजता येत होता. फक्त जे टिपायचं होतं ते चौकटीबाहेर राहिलं होतं. म्हणजे 'फोटो हलू नये म्हणून मोनोपॉड' हे जे सगळे सांगतात, ते खेळाच्या मैदानावर फार तर अर्धं खरं. उरलेलं अर्धं काय, ते शोधायला मग मी वही-पेन्सिल घेऊन बसलो.

सुरुवात वजनापासून. ४०० मिलिमीटर आणि एफ २.८ हे आकडे लेन्सवर लिहिलेले असतात. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की १४३ मिलिमीटर येतात. उजेड आत येण्याची वाट एवढी रुंद हवी, म्हणजे पुढची काच जेवणातल्या छोट्या ताटलीएवढी. वाट निम्मी रुंद चालत असेल, म्हणजे एफ ५.६ ला, तर काच सगळ्या बाजूंनी निम्मी होते आणि तिचं वजन ढोबळमानानं आठव्या हिश्शावर येतं. उजेड दुप्पट-चौपट हवा असेल तर वजन असं घनाच्या हिशेबानं मोजावं लागतं. कॅननची १९९९ सालची ४०० एफ २.८ ५.३७ किलोची होती. पुढची आवृत्ती ३.८५ किलोवर आली, त्यापुढची २.८४ वर. कारखान्यांनी वीस वर्षं जवळजवळ ग्रॅम ग्रॅम करून वजन उतरवलंय. मित्राची लेन्स मधल्या पिढीतली. त्यात दीड किलोचा कॅमेरा.

यातले चार किलो डाव्या हातावर येतात असं धरू. कोपर काटकोनात वाकवलेलं, तळहात कोपरापासून तीस सेंटिमीटर पुढं. दंडाचा स्नायू मात्र हाडाला कोपरापासून जेमतेम चार-साडेचार सेंटिमीटरवर बांधलेला. तरफेचा नियम लावला की गुणोत्तर सातास एक येतं. तळहातावर चार किलो म्हणजे स्नायूच्या दोरीला २८ किलोची ओढ, साखरेच्या पन्नास किलोच्या पोत्याच्या निम्म्याहून जास्त. तेही एक पूर्ण डाव, हात न हलवता. आपण हात कुठं टेकवतो, कोपर बरगडीला का दाबतो, हे शरीर आपणहून शिकतं ते यामुळंच.

आता, ताणलेला स्नायू दोरीसारखा गप्प बसत नाही. त्यातले तंतू आळीपाळीनं आखडतात, सैल होतात, आणि त्यांच्या या पाळ्या पूर्ण जुळत नाहीत. त्यातून सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा अशी बारीक थरथर निघते. ती प्रत्येकाला असते, निरोगी माणसालाही. एरवी दिसत नाही. पाण्यानं भरलेला तांब्या एका हातानं समोर धरून मिनिटभर उभे राहा, दिसेल. भार वाढला, दमणूक वाढली, की थरथर वाढते.

तिचा फोटोवर परिणाम किती? फोटोग्राफीतला एक जुना ठोकताळा आहे: जेवढ्या मिलिमीटरची लेन्स, शटर सेकंदाच्या तेवढाव्या भागाइतकं. चारशेच्या लेन्सला १/४००. हा नियम फिल्मच्या काळातला. तेव्हा तीन शतांश मिलिमीटरचा धूसरपणा डोळ्याला चालून जाई. गणित उलटं सोडवलं तर कळतं की या नियमानं आपल्या हाताची थरथर सेकंदाला सुमारे पावणेदोन अंश धरली आहे. आजच्या २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम (जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा सगळ्यात बारीक ठिपका, सहा सहस्रांश मिलिमीटरचा असतो, त्या जुन्या खपवून घेण्याच्या पाचव्या हिश्शाचा. चारशेच्या लेन्सला एक पिक्सेल म्हणजे एक किलोमीटरवर दीड सेंटिमीटर. अजिंक्यताऱ्याच्या बुरुजावर उभ्या माणसाकडं खालून बोट दाखवायचं आणि ते त्याच्या शर्टाच्या एका बटणावरूनसुद्धा घसरता कामा नये, अशी ही अपेक्षा. ती पाळायची तर १/४०० पुरत नाही, १/२००० लागतं.

पण खो-खोचं मैदान आणि बुरुजावर उभा माणूस यांत फरक आहे. पळतीवरची मुलगी सेकंदाला सहा मीटर वेगानं आडवी जाते. १/१६०० सेकंदात ती पावणेचार मिलिमीटर सरकते. तीस मीटरवरून चारशेच्या लेन्समधून ते होतात आठ पिक्सेल. तेवढ्याच वेळात माझ्या हाताची थरथर किती? सव्वा पिक्सेल. म्हणजे जे काही हललं ते मुख्यत: मुलीनं हलवलं, आणि त्यावर जगातली कुठलीही काठी काही करू शकत नाही. शटर वाढवा, नाहीतर कॅमेरा तिच्या वेगानं फिरवा, दोनच उपाय.

मग तळपायांचा फोटो का आला? त्याचं उत्तर चौकटीच्या आकारात आहे. चारशेच्या लेन्समधून आडवं जेमतेम पाच अंश दिसतं, उभं साडेतीन. तीस मीटरवर ही चौकट २.७ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच. एका अंशाची चूक म्हणजे अर्धा मीटर, आणि अर्ध्या मीटरमध्ये डोकं जातं. ऑटोफोकसचा चौकोन, म्हणजे कॅमेरा जिथलं चित्र आपणहून स्पष्ट करतो ती जागा, तर त्याहून बारीक. तो मुलीच्या छातीवर ठेवायचा आणि दमलेल्या दंडानं तो मागच्या प्रेक्षकांवर नेला की कॅमेरा इमानेइतबारे प्रेक्षकांतल्या एखाद्या काकांची मिशी टिपतो. असे काका माझ्याकडं भरपूर आहेत.

तर मोनोपॉडचं पहिलं काम भार उचलणं. काठीचं टोक जमिनीला लागलं की पाच किलो जमीन पेलते. २८ किलोची ओढ गेली, दंड सैल झाला, थरथर आपोआप निवळली आणि हाताला फक्त दिशा देण्याचं काम उरलं. सामना संपेपर्यंत ताजा राहिलेला हात चौकट चुकवत नाही.

दहिवडीकडं जाताना माळावर मेंढरं राखणारे धनगर दिसतात. काठी पुढं रोवलेली, दोन्ही हात तिच्या टोकावर, त्यावर हनुवटी, पाय मागं. तासन्‌ तास तसेच उभे. एकदा गाडी थांबवून एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, असं टेकून उभं राहिल्यानं काय होतं? त्यांनी माझ्याकडं जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "काय व्हायचंय? पाय दुखत न्हाईत." मोनोपॉडवर उभं राहण्याची सगळ्यात चांगली रीत तीच आहे: टोक थोडं पुढं, आपण मागं, एक पाय आणखी मागं, अंग काठीवर किंचित रेललेलं. आपले दोन आणि तिचा एक मिळून तिपाई होते. खरी तिपाई मैदानाच्या कडेला सहसा कुणी लावू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. चेंडूमागं धावणाऱ्या पोराचा पाय त्यात अडकला तर फोटो राहू द्या, दवाखाना गाठावा लागेल.

एकटी सोडली तर काठी पडणार हे उघड आहे. पण किती हळू पडते ते बघण्यासारखं आहे. तळहातावर पेन्सिल उभी करून तोलायचा प्रयत्न करा. जमत नाही. झाडू तोलून बघा, जमतो. टोकावर उभ्या काठीचा, म्हणजे उलट्या लंबकाचा, कल वाढायला लागणारा वेळ त्याच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पंधरा सेंटिमीटरची पेन्सिल एक अष्टमांश सेकंदाच्या आतच तिचा कल पावणेतीनपट करते. डोक्यावर कॅमेरा घेतलेल्या १.६ मीटरच्या काठीला त्याच कामाला ०.४ सेकंद लागतात. डोळ्यानं पाहून हातानं सावरायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. पेन्सिल आपल्याला हरवते, काठी हरवत नाही. थरथर सेकंदाला दहा वेळा येते, ती सावरणं अशक्य. काठी तिचं रूपांतर संथ झोक्यात करते, आणि झोका सावरता येतो.

सगळे झोके सारखे नसतात हे मात्र मला हिशेब मांडेपर्यंत सुचलं नव्हतं. काठीचं डोकं डावी-उजवीकडं एक सेंटिमीटर झुकलं तर कॅमेरा एक सेंटिमीटर सरकतो, क्षितिज एक तृतीयांश अंशानं तिरकं होतं, कुणाला कळतही नाही. तेच डोकं पुढं-मागं एक सेंटिमीटर झुकलं तर लेन्सचं तोंड वर-खाली होतं. १.६ मीटरला एक सेंटिमीटर, तर तीस मीटरला जवळपास १९ सेंटिमीटर. मुलीच्या कपाळावरचा फोकस थेट गळ्याच्या खाली. म्हणून पाय शेजारी-शेजारी ठेवून उभं राहू नये, एक मागं हवा. झोका जिथं महाग पडतो त्याच दिशेला आधार रुंद. काहीजण काठीच्या डोक्यावर बिजागरीचं साधं हेड बसवतात. त्यानं काठी झुकली तरी लेन्सचं तोंड हातानं वेगळं राखता येतं.

बारीकसारीक गोष्टी मित्रानं नंतर दाखवल्या. काठी कॅमेऱ्याला नव्हे, लेन्सच्या कॉलरला, म्हणजे तिच्याभोवतीच्या कड्याला लावायची. तोल तिथं असतो आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी लेन्स जिथं बसते त्या माउंटवर ताण येत नाही. कॉलर सैल केली की कॅमेरा उभा-आडवा फिरतो. काठीचे वरचे जाड भाग आधी उघडायचे, तळाचा बारीक भाग शेवटी. तेवढ्याच जाडीच्या पत्र्याची नळी निम्म्या व्यासाची केली की ती आठपट सहज वाकते. काळ्या मातीत टोक हळूहळू रुततं, तेव्हा खाली डब्याचं झाकण ठेवायचं. कंप थोपवणारी यंत्रणा असलेली एसएलआरची, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या आरशाच्या कॅमेऱ्याची पहिली लेन्स १९९५ साली आली. आजच्या बहुतेक लांब लेन्सांत ती असते, आणि मोनोपॉडवर ती चालू ठेवायला हरकत नाही. पण ती मुख्यत: कोनातली थरथर पुसते. पाच किलोतला एक ग्रॅमही ती उचलत नाही.

डावा हात कुठं ठेवायचा? लेन्सवर, वरच्या बाजूनं, हलका टेकवून. हे मला धनुर्विद्येनं पटवलं. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड (चाकं लावलेल्या धनुष्याच्या) प्रकारात जगज्जेती झाली, वयाच्या सतराव्या वर्षी. तिच्या धनुष्याकडं बघा: पुढं निघालेला लांब दांडा, टोकाला छोटी वजनं. वस्तू फिरवायला किती जोर लागेल हे तिच्या वस्तुमानावर तर ठरतंच, पण ते आसापासून किती दूर आहे याच्या वर्गावर जास्त ठरतं. दुप्पट अंतरावर ठेवलेलं वजन फिरायला चौपट अडून बसतं. लांब लेन्सची पुढची जड काच तोच अडेलपणा करते, आणि पुढं टेकवलेला हात त्यात भर घालतो. पहिल्या सामन्यात माझे फोटो चांगले आले त्यात जड लेन्सचा वाटा होता आणि तिसऱ्यात बिघडले त्यातही तिचाच. मोनोपॉडवर फायदा तेवढा राहतो, शिक्षा जाते.

उजेड कमी झाला की गणित फिरतं. संध्याकाळच्या कबड्डीला दिव्यांखाली शटर १/२५० वर येतं, मग हाताची थरथर सव्वा पिक्सेलवरून आठ पिक्सेलवर जाते. चढाईला निघालेला गडी बोनस रेषेवर क्षणभर थबकतो तेव्हा तो हलत नसतो, आपणच हलत असतो. इथं काठी जुन्या व्याख्येप्रमाणंही कामाला येते.

आणि कॅमेरा मुद्दाम फिरवायचा असेल तर ती आस होते. यवतेश्वरच्या घाटात सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या दिवशी सकाळी धुकं असतं, उजेड बेताचा. मी कठड्याशी उभा, शटर १/६० वर, या वेळी लेन्स दुसरी, २०० मिलिमीटरची, काठी बुटांच्या पुढं. धावणारा दहा मीटरवरून सेकंदाला चार मीटर वेगानं जातो, म्हणजे मला सेकंदाला तेवीस अंश फिरायचं. काठी वर-खाली होऊ देत नाही, त्यामुळं मागची झाडी सरळ आडव्या रेघांत ओढली जाते आणि धावणाऱ्याचा चेहरा जागेवर राहतो. राहिला तर. त्या सकाळी दोनशेच्या वर फोटो काढले, त्यातले सहा मित्राला दाखवले. त्यानं चार बाजूला काढले, दोन ठेवले, आणि काठी कुठंय म्हणून विचारलं. ती अजून माझ्याकडंच आहे.