पॅच लागला, पण कुठे? ‘पॅच’ आणि ‘गिट अप्लाय’

इंदूरच्या विजयनगरमधल्या आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या पोराने सकाळी पोहे-जिलेबी खाताखाता विचारलं, “भिया, पॅच कमांड वापरली काय आणि गिट अप्लाय वापरलं काय, ठिगळच लावायचं ना?” घरी मराठी बोलणारा पोरगा, पण ‘भिया’ हे इंदूरचं.

ठिगळ म्हणजे पॅच: कोडमधल्या कोणत्या ओळी काढायच्या आणि कोणत्या घालायच्या याची यादी, तिलाच डिफ म्हणतात. ते ठिगळ दोन्ही कमांडी लावतात. फरक पडतो तो माप जुळत नाही तेव्हा.

पॅच हा प्रोग्राम लॅरी वॉलने १९८५ साली लिहिला, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) यायच्या वीस वर्षं आधी. डिफमधला प्रत्येक हंक, म्हणजे एका जागच्या बदलांचा तुकडा, बदललेल्या ओळींसोबत साधारण वरच्या तीन आणि खालच्या तीन ओळी आणतो, जागेची खूण म्हणून. फाइलमधल्या ओळी खालीवर सरकल्या असतील तर दोन्ही कमांडी ती खूण शोधून काढतात. पण खूणच नीट पटली नाही, तर पॅच प्रोग्राम कडेच्या दोन ओळींपर्यंत काणाडोळा करतो आणि उरलेल्यांवरून जागा ठरवतो. याला म्हणतात फझ.

या फझने मला एकदा चांगलंच गंडवलं. बिलाचं फंक्शन आणि माल परत घेण्याचं फंक्शन, दोन्हींची सुरुवात जवळजवळ सारखी. स्क्रीनवर ‘हंक दोन सक्सीडेड, फझ दोन’ असं आलं. ‘सक्सीडेड’ वाचलं, पुढचं कोण वाचतं? बिलाची तपासणी परतीच्या फंक्शनमध्ये जाऊन बसली होती. कोड कंपाइलही झाला. संध्याकाळी गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा कळलं.

गिट अप्लाय असा सैलपणा आपणहून दाखवत नाही. एक हंक बसला नाही तर अख्खा पॅच नाकारतो, एकाही फाइलला हात लावत नाही. पॅच प्रोग्राम मात्र बसले तेवढे हंक लावतो आणि उरलेले ‘डॉट रेज’ फाइलमध्ये टाकून मोकळा होतो; मग अर्धं शिवलेलं कापड निस्तरत बसा. म्हणून रेपॉझिटरीत, म्हणजे गिट सांभाळतो त्या कोडच्या फोल्डरमध्ये, मी गिट अप्लायच वापरतो, तेही आधी ‘चेक’ लावून, म्हणजे पॅच बसतो का एवढंच तपासून. पॅच प्रोग्राम वापरायचाच झाला तर फझ शून्य करून आणि ‘ड्राय रन’, म्हणजे फाइल न बदलता रंगीत तालीम, घेऊन.

गिटच्या डिफमध्ये फाइलच्या नावाआधी ‘ए’ आणि ‘बी’ अशी खोटी फोल्डरं असतात. गिट अप्लाय ती स्वतःच गाळतो, पॅच प्रोग्रामला ‘डॅश पी वन’, म्हणजे पहिलं फोल्डर गाळ, असं सांगावं लागतं.

एवढं ऐकून पोराने गिट अप्लाय चालवलं. एरर नाही, बदलही नाही. “भिया, हा तर गप्पच बसला!” बघतो तर पठ्ठ्या टेस्टच्या फोल्डरमध्ये उभा, आणि पॅच सोर्सच्या फोल्डरमधल्या फाइलचा. रेपॉझिटरीच्या आतल्या फोल्डरमधून चालवलं की त्याबाहेरच्या फाइली गिट अप्लाय मुकाट्याने वगळतो. एक फोल्डर वर गेला, पुन्हा कमांड दिली, आणि डिफ उघडून ओळ अन् ओळ बघत बसला. पोहे गार झाले.