सशाचं घमेलं आणि बोअरच्या पाण्याचा डाग

लेकराच्या हट्टापायी घरात ससा येतो आणि आठवड्याभरात घरात दोन तट पडतात. एकाला तो मांडीवरून उतरवावासा वाटत नाही. दुसऱ्याच्या हातात पोछा असतो आणि तोंडी एकच वाक्य, "ह्याला काही वळण लागायचं नाही." पोछेवाल्याचा वैताग खरा, पण निदान चुकीचं. ठरलेल्या जागी घाण करण्याची सवय सशाच्या रक्तातच आहे. घोळ होतो तो बहुधा आपल्या मांडणीत, त्याच्या खाण्यात, नाहीतर त्याच्या तब्येतीत.

तुरीच्या रानात दबा धरून बसणारा आपला ससा हा नव्हे. तो एकटा राहतो, बिळं खणत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याला पकडून पाळताही येत नाही. दुकानातला पांढरा किंवा ठिपक्यांचा ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळांत गटानं राहणारा. हा गट ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग घालतो. लेंड्यांना गुदद्वाराजवळच्या ग्रंथींचा वास लागलेला असतो आणि तो वास म्हणजे त्यांच्या हद्दीचा दगड. म्हणून नव्या खोलीत सोडल्याबरोबर ससा चार कोपऱ्यांत लेंड्या पेरून येतो, तेव्हा तो सातबारा नावावर करून घेत असतो. दुसरा ससा घरात आला की हा प्रकार हमखास वाढतो. निरोगी ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. त्या कोरड्या, जवळजवळ बिनवासाच्या असतात. झाडून घमेल्यात टाकायच्या, विषय संपला.

घमेलं म्हणजे बांधकामावरचं प्लास्टिकचं घमेलंच. तळाला वर्तमानपत्राचे जाड थर, त्यावर वाळलेलं गवत. ससा खाता खाता लेंड्या टाकतो, त्यामुळे त्याचं गवत घमेल्याच्या एका टोकाला किंवा अगदी लागून ठेवलं की अर्धं काम होतं. जागा मात्र त्यानं निवडायची. दिवाणाखालचा कोपरा त्याला पसंत असेल तर घमेलं तिथेच सरकवा आणि मुताचा एखादा ओला कागद त्यात राहू द्या. सॉ मिलचा भुसा नको: त्याची धूळ नाकात जाते आणि देवदार-पाइनसारख्या लाकडांतली वासाची द्रव्यं यकृताला त्रास देतात. मांजरांसाठी मिळणारी, गोळा धरणारी वाळू तर अजिबात नको, पोटात गेली तर आतडं तुंबतं. आणि रागावून, नाक घासून काही साधत नाही. मुताचा आणि माराचा संबंध त्याला कळत नाही, फक्त तुमची भीती बसते.

वाकळीवर, गादीवर मुतणं हा वेगळा मामला. मऊ आणि शोषून घेणाऱ्या जागेची सशाला ओढ असते, तेव्हा सवय लागेपर्यंत वाकळ उचलून ठेवणं बरं. वयाच्या चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या सुमारास संप्रेरकं जागी होतात आणि आजवर शहाण्यासारखा वागणारा नर भिंतीवर पिचकाऱ्या मारू लागतो. त्यावर नसबंदी हाच खात्रीचा उपाय. मादीत तर नसबंदीनं गर्भाशयाचा कर्करोग टळतो, जो वय वाढलेल्या माद्यांमध्ये फार आढळतो. सशाला भूल देण्याचा हात सगळ्यांचा बसलेला नसतो, त्यामुळे परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी विचारावं. शस्त्रक्रियेआधी रात्रभर उपाशी ठेवा असं कुणी सांगितलं तर थांबा. ससा ओकूच शकत नाही, आणि उपासानं त्याचं आतडं मंदावतं.

आता त्या पांढऱ्या डागाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त पोछा त्याच्यावरच झिजतो. आपलं शरीर जेवणातलं कॅल्शियम गरजेपुरतं शोषतं. ससा मात्र समोर येईल तेवढं शोषून घेतो आणि नको असलेलं मूत्रपिंडातून बाहेर काढतो. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या मूत्रातून २ टक्क्यांहूनही कमी कॅल्शियम जातं, सशात हे प्रमाण ४५ ते ६० टक्के आहे. त्यामुळे त्याचं मूत गढूळ असतं आणि वाळल्यावर कॅल्शियम कार्बोनेटचा खडूसारखा थर उरतो. बोअरच्या पाण्यानं बादलीला, नळाच्या तोटीला धरणारा थर बहुतांशी ह्याच द्रव्याचा. म्हणून उपायही तोच: व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकला की बुडबुडे येतात, थर सुटतो. साबणाला तो दाद देत नाही.

पण एक भानगड आहे. आपल्याकडच्या निम्म्या घरांत शहाबादी फरशी, आणि शहाबादी म्हणजे चुनखडक, म्हणजे पुन्हा कॅल्शियम कार्बोनेटच! व्हिनेगर डागासोबत फरशीही खातं आणि तिथे कायमचा खरबरीत चट्टा पडतो. घमेलं खुशाल व्हिनेगरनं धुवा. शहाबादीवर मात्र ओलं असतानाच पाण्यानं पुसून काढणं एवढंच हाती असतं.

मूत थोडं गढूळ असणं ठीक. टूथपेस्टसारखा घट्ट गाळ यायला लागला, ससा कुंथू लागला किंवा घमेल्याबाहेर थेंब थेंब गळू लागलं, तर ते वळण बिघडणं नव्हे, मूत्राशयाचं दुखणं आहे. लसूणघासात कॅल्शियम साध्या गवताच्या दुप्पट-तिप्पट असतं, त्यामुळे मोठ्या सशाला तो रोजचा चारा म्हणून घालू नये. पारा बेचाळिसावर जातो तेव्हा पाणी कमी पडलं की गाळ आणखी घट्ट होतो. टोकदार नळीच्या बाटलीपेक्षा जड मातीच्या वाडग्यातून ससा जास्त पाणी पितो. लाल किंवा नारिंगी मूत पाहून घाबरायला होतं, पण तो रंग बहुतेक वेळा पाल्यातल्या रंगद्रव्यांचा. रंग एकसारखा नसून मध्येच लाल गुठळ्या दिसल्या तर रक्ताची शंका घ्यावी.

घमेल्याचा कागद रोज बदलावा. मुतातल्या युरियाचा जीवाणू अमोनिया करतात आणि गरमीत तो झपाट्यानं तयार होतो. आपल्या नाकाला झणका लागतो तोवर जमिनीलगतच्या सशाच्या नाकाची वाट लागलेली असते.

सकाळी फरशीवर द्राक्षाच्या इवल्या घडासारखं काळपट, चिकट, उग्र वासाचं काही लगदलेलं दिसलं तर त्याला हगवण म्हणू नका. आंधळ्या आतड्यात जीवाणूंनी आंबवून तयार झालेल्या ह्या मऊ लेंड्या ससा थेट गुदद्वारातूनच तोंडात घेतो आणि गिळतो. त्यात ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं असतात. किळस आपल्याला, त्याला तो खुराकच. त्या फरशीवर पडून राहतात म्हणजे एकतर पाव-बिस्किट-केळ्याचे लाड फार झालेत, नाहीतर लठ्ठपणामुळे किंवा पाठीच्या, दातांच्या दुखण्यामुळे त्याचं तोंड तिथवर पोचत नाही. गवत वाढवून लाड बंद केल्यावरही फरक पडला नाही, तर डॉक्टर गाठावा.

ही घाण शेपटीखाली चिकटून राहिली की पावसाळ्यात खरा धोका. माशा त्या ओल्या केसांत अंडी घालतात, दिवसाभरात अळ्या निघतात आणि कातडी पोखरतात. आषाढ-श्रावणात शेपटीखाली रोज दोनदा पाहावं. मळलं असेल तर कोमट पाण्याच्या फडक्यानं तेवढीच जागा पुसायची आणि पूर्ण कोरडी करायची. अख्खा ससा बादलीत बुडवू नये. भिजलेल्या सशाचं अंग गार पडतं आणि नुसत्या भीतीनंही तो दगावू शकतो. अळी दिसली तर घरगुती औषध शोधत बसू नये, त्याच तासाला दवाखाना.

कोरड्या लेंड्या कुंडीत तशाच टाकता येतात, शेळीच्या लेंडीखतासारखं कुजवायची गरज नाही. मुताचे कागद मात्र आधी खड्ड्यात कुजू द्यावेत. आणि घमेलं उचलताना लेंड्यांचा आकार रोज नजरेखालून जाऊ द्यावा. त्या बारीक होत गेल्या, किंवा बारा तासांत एकही पडली नाही आणि ससा गवताला तोंड लावेना, तर आतडं थांबलं असं समजून सकाळ होण्याची वाट न पाहता निघावं.