अवकाशस्थानकावरचा ‘घडवलेला’ कामगार: पार्श्वभूमी

माणसाच्या जातीचा नसलेला, प्रयोगशाळेत जन्मलेला आणि खास अवकाशस्थानकावर राबण्यासाठीच घडवलेला जीव तिथे कसा रुळतो, हा विज्ञानकथांचा आवडता विषय. त्याचं मूळ शोधायला फार मागे जायला नको. १९२० च्या चेक नाटकातले कृत्रिम कामगार लोखंडी नव्हते, रसायनांतून बनवलेल्या जिवंत देहाचे होते, एवढी नोंद पुरे.

अवकाशाचा धागा जुळला १९६० मध्ये. पृथ्वीचं वातावरण सोबत वाहून नेण्याऐवजी शरीरच अवकाशाजोगं करावं, असं दोन संशोधकांनी अमेरिकेत मांडलं. उदाहरण म्हणून कातडीखाली औषधाचा पंप बसवलेला २२० ग्रॅमचा उंदीर दाखवला होता. ३१ जानेवारी १९६१ ला एक चिंपांझी अवकाशात उडाला. निळा दिवा लुकलुकला की पाच सेकंदांत दांडा दाबायचा. चुकलं तर तळपायाला विजेचा झटका. त्याचा उल्लेख सहसा ‘प्रवासी’ म्हणून होतो. खरं तर तो कामावर होता.

माणूस मात्र स्थानकावर पुरता रुळत नाही. नितंबाच्या हाडांची घनता महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्का घटते. म्हणून रोज दोनेक तास व्यायाम. पाय दांड्यांत अडकवून काम करावं लागत असल्याने घट्टे पावलाच्या वरच्या बाजूला पडतात आणि तळव्यांची कातडी सोलून निघते. १९८८ च्या एका अमेरिकी कादंबरीत हा प्रश्न पायांच्या जागी हातच देऊन सोडवलाय. मग कृत्रिम गुरुत्वाकर्षण येतं, चार हातांचे कामगार निरुपयोगी ठरतात. कंपनीच्या कागदांवर ते ‘प्रायोगिक ऊती’ असतात, त्यामुळे त्यांची विल्हेवाट हा निव्वळ हिशेबाचा प्रश्न उरतो.

घडवलेला जीव म्हणजे कंपनीची मालमत्ता, ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. तेल पचवणाऱ्या, प्रयोगशाळेत बदललेल्या जिवाणूसाठी १९७२ मध्ये पेटंटचा अर्ज झाला होता. सजीवाला पेटंट नाही म्हणून तो फेटाळला गेला. जून १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी अर्जदाराच्या बाजूने कौल दिला: वस्तू सजीव की निर्जीव हे गौण, ती मानवनिर्मित आहे का ते पाहायचं. चार न्यायाधीशांचं म्हणणं होतं की हा निर्णय संसदेने घ्यावा, आणि ते सहज उडवून लावण्यासारखं नव्हतं. एका मताने पडलेली ही वाट पुढे रुंदावत गेली. १९८७ मध्ये निसर्गात न आढळणाऱ्या प्राण्यांनाही पेटंटचं दार उघडलं, १९८८ मध्ये कर्करोगाच्या संशोधनासाठी बदललेल्या उंदराला ते मिळालं. माणूस तेवढा वगळला, कारण माणसावर मालकी देणं घटनेत बसत नाही. पण माणूस नसलेला, तरी बोलणारा आणि कामाची पाळी सांभाळणारा कामगार कुठे नोंदवायचा, हजेरीपटावर की डेडस्टॉकच्या वहीत? ‘मानवनिर्मित आहे का’ या निकषाने तो सरळ दुसऱ्या वहीत जातो.

स्थानकाच्या नियमांतही त्याला जागा नाही. आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या १९९८ च्या करारानुसार फौजदारी अधिकार व्यक्तीच्या नागरिकत्वावरून ठरतो. बौद्धिक संपदेसाठी मात्र काम स्थानकाच्या ज्या भागात झालं तो भाग ज्या देशाच्या नावे नोंदलेला, त्या देशाच्या भूमीवर ते झालं असं मानलं जातं. म्हणजे तिथल्या प्रयोगशाळेत घडवलेल्या कामगाराला देश नसेल, पण त्याच्यावरचा पेटंटचा दावा कुठल्या कायद्याने तपासायचा, हे आधीच ठरलेलं आहे.