दत्तक देताना जन्मदात्या वडिलांचे कायदेशीर हक्क

मूल दत्तक दिलं जातं तेव्हा जन्मदात्या वडिलांना विचारणं बंधनकारक आहे का, ते नाही म्हणाले तर दत्तक थांबतं का आणि सगळं झाल्यावर त्यांच्याकडे काय उरतं, हे सगळं या विषयात येतं. आईच्या बाबतीत प्रश्न तसा सरळ असतो, कारण मूल कोणाच्या पोटी आलं हे दिसतंच. बाप कोण हे मात्र आधी ठरवावं लागतं, आणि बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात.

लग्नाच्या नवऱ्याला कायदा आपोआप बाप धरतो. नवरा-बायको वेगळे राहत असले, घटस्फोट झाला असला, मुलाचा ताबा आईकडे असला तरी त्याचं बापपण संपत नाही, त्याची संमती साधारणपणे लागतेच. (ताबा गेला म्हणजे हक्क गेला असं खूप जणांना वाटतं, तसं नाहीये.) लग्न न झालेल्या बापाला मात्र आधी कागदावर बाप व्हावं लागतं, म्हणजे जन्मनोंदीत नाव, पितृत्व मान्य केल्याचा सही केलेला कागद किंवा कोर्टाचा आदेश. डीएनए टेस्ट जुळली की काम झालं असंही नाही, कारण टेस्टनं रक्ताचं नातं सिद्ध होतं, हक्क मिळेलच असं नाही. कायदा पुढे विचारतो की तू या मुलासाठी काय केलंस, आणि कधी केलंस.

हा प्रश्न सगळ्यात जास्त घासून निघाला तो अमेरिकेत. १९७२ पर्यंत इलिनॉय राज्यात लग्न न झालेला बाप कायद्याच्या लेखी पालकच नव्हता, आई गेली की मुलं थेट सरकारच्या ताब्यात. स्टॅनली विरुद्ध इलिनॉय या खटल्यातला माणूस मुलांच्या आईसोबत अधूनमधून मिळून १८ वर्षं राहिला होता, तिच्या मृत्यूनंतर मुलं नेली गेली आणि तो बाप म्हणून लायक आहे की नाही हे कोणी तपासलंसुद्धा नाही. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असं चालणार नाही, आधी त्याचं ऐकून घ्या. मग १९७८ च्या क्विलॉइन खटल्यात उलटं झालं, बापानं ११ वर्षांत मुलाचा ताबा कधी मागितलाच नव्हता, त्यामुळे सावत्र वडिलांनी दत्तक घेताना त्याचा विरोध टिकला नाही. पुढच्याच वर्षी कॅबन खटल्यात, जो बाप मुलांसोबत एका घरात राहिला होता त्याला आईइतकाच नकाराचा हक्क मिळाला. तिन्ही निकाल एकत्र वाचले की दिसतं, कोर्ट नात्यापेक्षा वागणूक मोजत होतं.

पण १९८३ चा लेहर विरुद्ध रॉबर्टसन वाचताना माझं मन अजून अडकतं. न्यूयॉर्क राज्यात एक रजिस्टर होतं, मूल माझं असू शकतं असं कळवणाऱ्या पुरुषांचं, आणि त्यात नाव असलं की दत्तकाची नोटीस मिळायची. यात नाव घालायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. या खटल्यातल्या बापानं, म्हणजे लेहरनं, ते टाकलं नाही. त्याचं म्हणणं असं की बाळ झाल्यावर मी रोज हॉस्पिटलात जात होतो, नंतर आईनं पत्ता लपवला, मी डिटेक्टिव्ह लावून शोधलं. त्यानं दुसऱ्या कोर्टात पितृत्वाचा अर्जसुद्धा केला होता आणि दत्तकाच्या न्यायाधीशांना तो अर्ज माहीत होता, तरी आदेशावर सही झाली. सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध ३ मतांनी दत्तक कायम ठेवलं. आज तिथल्या बऱ्याच राज्यांत अशी रजिस्टरं आहेत, इलिनॉयमध्ये जन्मानंतर ३० दिवसांत नाव नोंदवावं लागतं, आणि मला माहीतच नव्हतं की ती गरोदर आहे ही सबब सहसा चालत नाही. बाळाला लवकर पक्कं घर मिळावं हा हेतू मला पूर्ण पटतो, पण ज्या रजिस्टरचं नावसुद्धा कधी कानावर पडलं नाही त्यात नाव नसल्याची शिक्षा फार मोठी वाटते.

युरोपात १९९४ मध्ये कीगन विरुद्ध आयर्लंड खटल्यात असाच प्रसंग होता. जोडप्याची एंगेजमेंट झालेली, मूल ठरवून झालेलं, मग नातं तुटलं आणि बापाला न सांगता बाळ दत्तकासाठी सोपवलं गेलं. युरोपीय मानवाधिकार कोर्टानं हा कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग ठरवला. इंग्लंडमध्ये संमती फक्त ज्याच्याकडे पालकत्वाची कायदेशीर जबाबदारी आहे त्याचीच लागते, आणि १ डिसेंबर २००३ पासून जन्मनोंदीत आईसोबत नाव लागलं की लग्न न झालेल्या बापालाही ती मिळते.

भारतात दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक ते कायम मिसळतात. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात मूल देण्याचा हक्क मुळात बापाचा होता, आईची फक्त संमती. २०१० च्या दुरुस्तीनं दोघांचा हक्क सारखा केला आणि एकानं द्यायचं तर दुसऱ्याची संमती हवी असं ठरलं, अपवाद म्हणजे त्यानं कायमचा संन्यास घेतला असेल, धर्म सोडला असेल किंवा कोर्टानं त्याला मानसिकदृष्ट्या अक्षम ठरवलं असेल. दुसरा रस्ता २०१५ च्या बाल न्याय कायद्याचा, तिथे बाल कल्याण समितीपुढे समर्पणाचा, म्हणजे मूल कायमचं सोपवत असल्याचा कागद होतो. नवरा-बायको असतील तर दोघांच्या सह्या, अविवाहित आई असेल तर तिची एकटीची पुरते. मन बदललं तर दोन महिन्यांची मुदत असते. त्याच २०१५ साली सुप्रीम कोर्टानं म्हटलं की अविवाहित आईला पालकत्वाच्या अर्जासाठी बापाला नोटीस द्यायची सक्ती नाही.

संमतीवर सही घेतानाही नियम असतात. दबाव नको, पैसे नकोत, कागदाचा अर्थ समजलेला हवा. एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक देण्यासाठी झालेल्या १९९३ च्या हेग कराराप्रमाणे आईची संमती बाळ झाल्यावरच घेता येते, बापासाठी मात्र तशी अट करारात नाही, आणि अमेरिकेत काही राज्यांत बाप जन्माआधीच सही करू शकतो.

संमती न मागता पुढे जाण्याची कारणं देशागणिक बदलतात, पण मूल टाकून देणं, बराच काळ भेट नाही की खर्च नाही, गंभीर मारहाण किंवा छळ, ही जवळपास सगळीकडे सापडतात. अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे की पालकत्व तोडायचं तर पुरावा स्पष्ट आणि खात्रीलायक हवा. सावत्र बापानं दत्तक घ्यायच्या केसमध्ये बापानं मुलाशी संबंध ठेवला होता का हाच मुद्दा जास्त रंगतो, आणि तिथे वाढदिवसाचे फोटो, मनीऑर्डरच्या पावत्या, परत आलेली पत्रं, असल्या बारीक गोष्टींवर केस फिरते. आई भेटू देत नव्हती असं नुसतं सांगून भागत नाही, अर्ज केला होता का हे विचारलं जातं.

दत्तक पूर्ण झालं की ताबा, भेट, शाळा-दवाखान्याचे निर्णय, सगळं नव्या पालकांकडे जातं आणि जन्मदात्या बापावरची पुढची पोटगीही थांबते, मागची थकबाकी मात्र बऱ्याच ठिकाणी द्यावीच लागते. हिंदू कायद्यात दत्तकाआधी मुलाच्या नावावर आलेली मालमत्ता त्याचीच राहते. फ्रान्समध्ये पूर्ण दत्तक आणि साधं दत्तक असे दोन प्रकार आहेत, आणि साध्या दत्तकात मुलाचं जन्माच्या घराशी नातं आणि तिथला वारसाहक्क कायम राहतो.